फॉरमॅट मारूनही व्हायरस परत येतो? ब्राउझर आणि मेल आधी तपासा

फॉरमॅट मारून आणला, दोन दिवस कॉम्प्युटर सुरळीत चालला आणि तिसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात पुन्हा "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले". बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली झेरॉक्सची दुकानं, ऑनलाइन अर्ज भरून देणारी सेंटरं, उद्यमबागेतल्या कारखान्यांची ऑफिसं, सगळीकडे ही एकच तक्रार असते. दर वेळी मशीन उचलून न्यायचं, फॉरमॅट मारायचा, पैसे द्यायचे आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

फॉरमॅटने फक्त सी ड्राइव्ह कोरा होतो. गूगल अकाउंटात साठून राहिलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम), डी ड्राइव्हवर जपून ठेवलेलं क्रॅकचं (पैसे न देता सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या फायलींचं) फोल्डर, मेलची जुनी बॅकअप फाइल आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह हे सगळं जिथल्या तिथे राहतं. म्हणून मशीन दुकानात न्यायच्या आधी घरबसल्या अर्धा तास द्या. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच पडत नाही.

आधी दुखणं ओळखा

कोपऱ्यात येणारी ती व्हायरसची पाटी नीट वाचा. मोठ्या अक्षरांत एखाद्या नामांकित अँटीव्हायरसचं नाव असेल, लाल त्रिकोण असेल, पण त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरांत कुठल्या तरी अनोळखी साइटचा पत्ता आणि ब्राउझरचं नाव दिसेल. तसं असेल तर तो व्हायरस नाहीच. कधीतरी पिक्चर बघताना किंवा पीडीएफ उतरवताना "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, अलाऊ दाबा" असं आलं होतं आणि अलाऊ दाबलं गेलं, त्याचा हा परिणाम. त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली आहे, एवढंच. त्या पाटीवर क्लिक करून जे सॉफ्टवेअर उतरतं, तो मात्र खरा व्हायरस असू शकतो.

क्रोममध्ये सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स इथे जा. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका आणि वरचा पर्याय "कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" असा करून ठेवा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर नोटिफिकेशनची काही गरज नसते. एजमध्ये आणि फायरफॉक्समध्येही हीच सोय आहे.

दुसरी खूण म्हणजे सर्चचं पान आपोआप बदलणं, किंवा गूगलमध्ये काही शोधलं की भलत्याच साइटवरून फिरून येणं. हे एक्स्टेन्शनचं काम. पण त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्येही हाच प्रकार दिसत असेल तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका, राउटरची डीएनएस सेटिंगं (साइट कुठे आहे ते शोधून देणारी) बदललेली असू शकतात. राउटर मागच्या बारीक भोकातल्या बटणाने रिसेट करा आणि त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. रिसेट करण्याआधी इंटरनेटवाल्याकडून लॉगिनचं नाव आणि पासवर्ड मागून ठेवा, नाहीतर लाइन बंद पडून बसेल.

तिसरी खूण : फायलींची नावं बदलली, शेवटी विचित्र अक्षरं लागली, एकही फाइल उघडेना. अशा वेळी लगेच नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि लॅनवरची बाकीची मशीनंही तोडा. हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आहे. खालची कामं त्यावरचा इलाज नाहीत.

गूगल अकाउंटातून परत येणारं एक्स्टेन्शन

फॉरमॅटनंतर परत येणाऱ्या दुखण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे. क्रोममध्ये गूगल अकाउंटने साइन इन करून सिंक चालू असलं की बुकमार्क, पासवर्ड यांच्याबरोबर एक्स्टेन्शनंही गूगलच्या सर्व्हरवर साठतात. नवं विंडोज टाकून क्रोममध्ये साइन इन केलं की ते खराब एक्स्टेन्शन मुकाट्याने परत उतरतं. फॉरमॅट मारणाऱ्याची यात काही चूक नसते.

आधी एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन जे आपण स्वतः टाकलेलं नाही ते काढा. "पीडीएफ कन्व्हर्टर", "कूपन", "व्हिडिओ डाउनलोडर", "न्यू टॅब" अशी साधी नावं असतात, त्यांना फसू नका. हे त्या अकाउंटच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर करा, कारण एका मशीनवर राहिलं तर तिथून सगळीकडे परत पसरतं. तरीही परतत असेल तर गूगल अकाउंटच्या सिंक केलेल्या डेटाच्या पानावर तळाशी डेटा डिलीट करण्याचं बटण आहे, ते दाबा. त्याने सर्व्हरवरचे साठवलेले पासवर्डही जातात, म्हणून महत्त्वाचे पासवर्ड आधी वहीत उतरवून ठेवा. एक्स्पोर्ट केलेत तर ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते हे लक्षात ठेवा आणि काम झाल्यावर ती रिसायकल बिनमधूनही काढा.

कधी कधी एक्स्टेन्शनला रिमूव्हचं बटणच नसतं. तेव्हा क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी तळाशी बघा : "तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. एखाद्या मोठ्या कंपनीत ती असणं रास्त आहे, झेरॉक्सच्या दुकानात ती असायचं कारण नाही. काही अँटीव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, तेवढा अपवाद धरा. बाकी वेळा व्हायरसने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) एक्स्टेन्शन सक्तीने बसवलेलं असतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन आणि करंट यूझर या दोन्ही शाखांत सॉफ्टवेअर → पॉलिसीज → गूगल → क्रोम अशा रस्त्याने गेलं की एक्स्टेन्शनची सक्तीची यादी सापडते. त्या शाखेचा बॅकअप घेऊनच ती काढा. दुसऱ्या दिवशी यादी परत उगवली तर टास्क शेड्युलरमध्ये दर तासाला चालणारं एखादं काम लपलेलं आहे असं समजा. ते शोधायला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे फुकट साधन सगळ्यात चांगलं. विंडोजबरोबर सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ते एका यादीत दाखवतं.

सेंटर चालवणाऱ्यांनी एक सवय आजच लावून घ्यावी. गिऱ्हाइकाचं जीमेल उघडायचं असेल तर क्रोमच्या गेस्ट खिडकीत उघडा. गेस्टमध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत आणि खिडकी बंद केली की लॉगिन पुसलं जातं. उतरवलेल्या फायली मात्र डाउनलोड्सच्या फोल्डरात तशाच राहतात. कुणाचं आधार, कुणाचा उत्पन्नाचा दाखला तिथे पडून असतो. रोज संध्याकाळी ते फोल्डर रिकामं करा.

कुठला ब्राउझर

विंडोज १० आणि ११ वर क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्ही सुरक्षित आहेत, अट एकच : ते अपडेट होत राहिले पाहिजेत. मेनू → हेल्प → अबाउट उघडलं की ब्राउझर स्वतःच अपडेट शोधतो. "रीलाँच" असं बटण दिसत असेल तर अपडेट उतरलेलं आहे पण लागू झालेलं नाही. आठ-आठ दिवस मशीन बंद न करणाऱ्या दुकानांत हेच होतं.

सेंटरच्या मशीनवर आमची पसंती फायरफॉक्सला आहे. कारण जाहिराती. "डाउनलोड" लिहिलेली खोटी हिरवी बटणं, सर्चमध्ये वरच येणाऱ्या नकली सरकारी साइटी, हे सगळं जाहिरातींच्या वाटेने येतं. ते अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची लाइट आवृत्तीच उरली आहे. फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑनच्या पानावरून टाका आणि बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल आहे हे बघून घ्या, मिळत्याजुळत्या नावाची भलतीच एक्स्टेन्शनंही असतात.

आपल्या सीमाभागात तर दोन राज्यांच्या साइटी रोज लागतात. एका गिऱ्हाइकाला कर्नाटकाचा आरटीसी (जमिनीचा उतारा) हवा, दुसऱ्याला पलीकडच्या गावातल्या जमिनीचा सातबारा. दर वेळी गूगलमध्ये शोधून पहिल्या ओळीवर क्लिक करणं हा धोका आहे. भूमी, सेवा सिंधू, कावेरी, महाभूलेख या सरकारी साइटी एकदा खात्री करून बुकमार्क बारमध्ये लावा. खात्री करताना पत्ता उजवीकडून वाचायचा : सुरुवातीचं "एचटीटीपीएस" आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग "डॉट गव्ह डॉट इन" असला पाहिजे. मध्येच कुठेतरी "गव्ह" आहे आणि शेवट "डॉट कॉम" आहे, तर ती साइट सरकारची नाही.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर क्रोम १०९ पुढे जात नाही. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (लांब मुदतीची) आवृत्ती त्यावर चालते आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तिची मुदत वाढवत नेली, पण तो तात्पुरता टेकू आहे. बँकेचं काम अशा मशीनवर करू नका. ४ जीबी रॅमचं जुनं मशीन असेल आणि फक्त ब्राउझर आणि प्रिंटर लागत असेल, तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली तर ते मशीन अजून काही वर्षं नीट चालेल. टॅली, अंगठ्याचं मशीन, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लागत असेल तर मात्र विंडोज १० किंवा ११ च घ्या. विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते.

"ती एक साइट इंटरनेट एक्सप्लोररशिवाय चालत नाही" म्हणून जुनं मशीन तसंच ठेवलेली ऑफिसं आहेत. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला. त्या एका साइटसाठी एजमध्ये सेटिंग्ज → डिफॉल्ट ब्राउझर इथे इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्या आणि तेवढाच पत्ता यादीत घाला. ती नोंद ३० दिवसांनी संपते, पुन्हा घालावी लागते. साइट अचानक चालेनाशी झाली की आधी ही तारीख बघा.

मेल कशात बघायचे

मेलच्या सॉफ्टवेअरचा व्हायरसशी संबंध काय, हे समजायला जुना इतिहास उपयोगी पडतो. आउटलुक एक्सप्रेस मेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररचंच इंजिन वापरायचं. म्हणजे मेल उघडणं आणि अनोळखी वेबसाइट उघडणं यात फरकच नव्हता. १९९९ मधला बबलबॉय तर नुसता प्रीव्ह्यूमध्ये मेल दिसला तरी चालू व्हायचा, फाइल उघडायचीही गरज नव्हती. मे २००० मध्ये आलेल्या "आय लव्ह यू" ने वेगळी वाट धरली : फाइलच्या नावात शेवटी टीएक्सटी दिसायचं, त्यामागचं व्हीबीएस विंडोज लपवायचं.

ते लपवणं विंडोज ११ मध्येही चालूच आहे. म्हणून पहिलं काम हे करा : फाइल एक्सप्लोरर उघडा, व्ह्यू → शो → फाइल नेम एक्स्टेन्शन्स यावर खूण करा. विंडोज १० मध्ये व्ह्यूच्या पट्टीवरच तो चौकोन आहे.

आउटलुक एक्सप्रेस किंवा विंडोज लाइव्ह मेल अजून कुठे चालू असेल तर आजच थांबवा. विंडोज १० चं साधं मेल अ‍ॅपही २०२४ अखेर बंद झालं. दुकानाला, सेंटरला ब्राउझरमधलं जीमेल पुरेसं आहे. जीमेल ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, बॅट, एमएसआय अशा फायली झिपमध्ये दडवल्या तरी अडवतं आणि पीडीएफ, वर्डची फाइल तिथल्या तिथे बघता येते. उतरवून न घेता बघितलेल्या फाइलमधला मॅक्रो (फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम) आपल्या मशीनवर चालत नाही.

कारखान्याच्या ऑफिसात कंपनीच्या नावाचे पत्ते असतात, दहा वर्षांची जुनी पत्रं जपायची असतात. तिथे थंडरबर्ड घ्या. खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून बघायच्या पद्धतीने) जोडा, पोर्ट ९९३ आणि एसएसएल. मेलमधली बाहेरची चित्रं थंडरबर्ड मुळातच अडवतं, ते तसंच ठेवा. व्ह्यू → मेसेज बॉडी अ‍ॅज इथे "सिंपल एचटीएमएल" निवडा. "प्लेन टेक्स्ट" आणखी सुरक्षित, पण कोटेशनमधले तक्ते विस्कटतात, म्हणून ऑफिसात ते टिकत नाही.

आता थंडरबर्डमधलं नेहमीचं कोडं. अँटीव्हायरस रोज सांगतो की इनबॉक्समध्ये व्हायरस आहे, तो मेल तर महिन्यापूर्वीच डिलीट केला, तरी रोज तेच. कारण थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतं. मेल डिलीट केला की त्यावर फक्त "काढलेला" अशी खूण लागते, मजकूर फाइलमध्येच राहतो. ट्रॅश आणि जंक रिकामे करा, मग फाइल → कॉम्पॅक्ट फोल्डर्स करा. त्यानंतर तो मजकूर खरोखर जातो आणि ओरड थांबते. त्याऐवजी अँटीव्हायरसच्या "डिलीट" वर क्लिक केलं तर तो अख्खी इनबॉक्स फाइल उचलून नेऊ शकतो, आणि वर्षांची पत्रं एका क्लिकमध्ये जातात. हे टाळायला सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → अँटीव्हायरस इथे एक चौकोन आहे, येणारा एकेक मेल अँटीव्हायरसला वेगळा काढू द्यावा असा. त्यावर खूण करा, आणि प्रोफाइलच्या फोल्डरचा बॅकअप आठवड्याला घ्या.

मेलमधली फाइल

उद्यमबागेतल्या ऑफिसात "पर्चेस ऑर्डर" किंवा "रिव्हाइज्ड ड्रॉइंग" नावाचा मेल आला की तो उघडावाच लागतो, तोच धंदा आहे. म्हणून फाइल पारखून घेण्याची सवय लागते.

आयएसओ किंवा आयएमजी ही पर्चेस ऑर्डर असूच शकत नाही, ती सीडीची नक्कल असते. डबल क्लिक केलं की नवा ड्राइव्ह उघडतो आणि आतली फाइल विंडोजच्या "ही इंटरनेटवरून आली आहे" या शिक्क्यातून सुटायची. मायक्रोसॉफ्टने ही फट नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवली, पण अपडेट बंद करून ठेवलेल्या मशीनवर ती उघडीच आहे. झिप आहे, तिला पासवर्ड आहे आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिला आहे, तर तो पासवर्ड मेलच्या स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून लावलेला असतो. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. फोनचा नंबर जुन्या बिलावरचा घ्या, त्या मेलमधला नको.

एचटीएमएल फाइल उघडली आणि मेलचा पासवर्ड मागणारं पान आलं, तर वर अ‍ॅड्रेस बारकडे बघा. तिथे साइटच्या जागी "फाइल" हा शब्द आणि तुमच्याच सी ड्राइव्हचा रस्ता दिसेल. तो पासवर्ड टाकलात की थेट चोराकडे जातो.

वर्ड-एक्सेलमध्ये २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस आपणहून अडवतं. ऑफिस २००७ आणि २०१० मध्ये मात्र फक्त पिवळी पट्टी आणि "एनेबल" चं बटण आहे, आणि लोक ते सवयीने दाबतात. ती जुनी ऑफिस काढून लिबरऑफिस टाकणं परवडतं, फुकट आहे. मराठी-कन्नड युनिकोडही त्यात चालतं.

टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि क्रॅक

इथल्या कॉम्प्युटरांना मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग लागतं. म्हणून श्रीलिपी, बरह, नुडी यांच्या "फुल व्हर्जन" च्या शोधात लोक नको त्या साइटवर जातात. गूगलचं ऑफलाइन मराठी टायपिंग विंडोजसाठी गूगलने केव्हाच बंद केलं, तरी त्याच्या नावाने फायली वाटणाऱ्या साइटी भरपूर आहेत. त्यातली एकही गूगलची नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत : सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज, भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये फोनेटिक निवडा. इंग्रजी, मराठी, कन्नड असं विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून बदलता येतं. नुडी लागतच असेल तर ते कर्नाटक सरकारचं आणि फुकट आहे, त्याचा क्रॅक शोधायचं कारणच नाही.

विंडोज किंवा ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट करणारी साधनं "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगतात. त्यातली बरीचशी जाता जाता डिफेंडरला (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला) अख्खा सी ड्राइव्ह न तपासण्याची सूचना देऊन जातात. मग डिफेंडर हिरवा दिसतो आणि काहीच पकडत नाही. विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज → एक्सक्लूजन्स हे पान बघा. तुम्ही स्वतः घातलं नसेल ते सगळं काढा. मग स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, सुमारे १५ मिनिटं लागतात. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन जायची वेळ असेल तर यूपीएस बघून घ्या.

पेन ड्राइव्ह

गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली दिसली तर त्यातल्या एकावरही डबल क्लिक करू नका. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा, फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिमच्या फायली लपवण्याची खूण काढा, खरी फोल्डरं फिकट दिसतील. त्यातून हवी ती पीडीएफ कॉपी करून घ्या. ऑटोप्ले बंद ठेवा. आणि रोजचं काम अ‍ॅडमिनच्या खात्यावरून न करता साध्या स्टँडर्ड खात्यावरून करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे असू दे, कामावरच्या पोराला तो लागत नाही.

फॉरमॅट मारायचाच असेल तर

आधी बॅकअपमधून ईएक्सई, सेटअप आणि क्रॅकची फोल्डरं वगळा, फक्त कागदपत्रं आणि फोटो घ्या. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून टाका, दुकानातल्या "सगळी सॉफ्टवेअरं असलेल्या" डीव्हीडीवरून नको. विंडोज अपडेट पूर्ण होईपर्यंत मेल उघडू नका.

मेल आणि बँकेचे पासवर्ड स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला. ब्राउझरमधली लॉगिन केलेली कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी फाइल) चोरली असेल तर पासवर्डाशिवायही आत शिरता येतं, म्हणून गूगल अकाउंटात सिक्युरिटी → डिव्हाइसेस इथून सगळीकडून साइन आउट करा आणि टू-स्टेप (पासवर्डाबरोबर दुसरी खात्री मागणारी सोय) चालू करा. मग जीमेलच्या सेटिंगांत दोन जागा उघडून बघा : फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स. तिथे अनोळखी पत्ता असेल तर पासवर्ड बदलूनही तुमचा प्रत्येक मेल त्याच्याकडे जातच राहतो, आणि पुढचं बिल पाठवताना बँकेचा खाते नंबर बदललेला जातो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.